झोत कुठवर जातो, आणि तिथं काय ओळखू येतं

दादा, सप्रेम नमस्कार. जुन्नर तालुक्यात आम्ही काही पोरापोरींनी मिळून रेस्क्यू टीम उभी केली आहे. नाणेघाट, जीवधन, दाऱ्याघाट, दुर्गवाडीचा कडा हा आमचा पट्टा. पावसाळ्यात शनिवार-रविवारी अंधार पडता पडता फोन येतात. कुणी वाट चुकलेलं असतं, कुणी घसरून खाली अडकलेलं असतं. आत्तापर्यंत घरातल्या बॅटऱ्या आणि मोबाइल यांच्यावर भागवलं. आता गावच्या पतसंस्थेने ४० हजार रुपये दिले आहेत. अध्यक्षांचं म्हणणं, एकच टॉर्च घ्या, पण मोठा, दणकट आणि लांब झोताचा घ्या. दुकानदार पाच किलोमीटर झोताचा सर्चलाइट दाखवतो. एक मित्र लेझरवाला टॉर्च सुचवतो. टीममधल्या दोघीजणी म्हणतात, आधी सगळ्यांना हेडटॉर्च. काय घ्यावं?
— एक स्वयंसेवक, जुन्नर तालुका

सप्रेम नमस्कार.

आधी त्या दोघींचं ऐका. लांब झोताचा टॉर्च तुम्हाला लागणारच आहे आणि हे उत्तर बहुतेक त्याच्यावरच आहे. पण तो टॉर्च टीमचा असतो, हेडटॉर्च ज्याचा त्याचा असतो. ज्याच्या डोक्याला दिवा नाही त्याला रात्री कड्याच्या जवळपास नेऊ नका, मग तो कितीही तयारीचा असो. एका हातात मोबाइल धरून दुसऱ्या हाताने रोप हाताळणारा स्वयंसेवक त्या रात्रीचा दुसरा जखमी होऊ शकतो. तेव्हा कड्यावर जाणाऱ्या प्रत्येकाला हेडटॉर्च आणि उरलेल्या पैशांत दोन लांब झोताचे टॉर्च, असा हिशोब धरा. एक मोठा नको, दोन मध्यम हवेत. कारण पुढे येईलच.

आता लांब झोताचं काम नेमकं कुठे पडतं ते बघू, कारण ते कळलं की दुकानातली निम्मी खोकी आपोआप बाद होतात. आपल्याकडचा कडा सरळ तुटलेला असतो, मध्ये कारवीने भरलेले टप्पे असतात, खाली घळ असते. माथ्यावर उभं राहून खाली झोत मारला तर पहिला टप्पा दिसतो, त्याच्या पोटात काय आहे ते दिसत नाही. म्हणून अनुभवी टीम दोन माणसं समोरच्या सोंडेवर पाठवते. तिथून अख्खा कडा अंगावर आल्यासारखा समोर असतो.  मधलं अंतर साधारण दोनशे ते पाचशे मीटर असतं. म्हणजे तुम्हाला पाच किलोमीटरचा झोत नकोच आहे. साधारण तीनशे मीटरवर कातळाला चिकटून बसलेला माणूस ओळखू येईल एवढा झोत हवा आहे. 'ओळखू येईल' हे महत्त्वाचं, कारण खोक्यावरचा आकडा त्याबद्दल काहीच सांगत नाही.

खोक्यावर दोन आकडे असतात. लुमेन म्हणजे टॉर्चमधून एकूण किती प्रकाश बाहेर पडतो. कँडेला म्हणजे झोताच्या मध्यभागी तो किती एकवटलेला आहे. बागेला पाणी घालताना पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की तेवढंच पाणी लांब जातं. लुमेन म्हणजे पाणी, कँडेला म्हणजे अंगठा. लांबचं बघायचं तर कँडेला विचारा. दुकानदार 'दहा हजार लुमेन' म्हणाला तर त्यातून तुम्हाला तीनशे मीटरवरचं काहीच कळत नाही. रुंद पसरणारा दहा हजार लुमेनचा टॉर्च अंगण उजळून टाकेल आणि समोरच्या कड्यावर फिका पडेल. निम्म्या लुमेनचा, पण खोल आणि रुंद परावर्तकाचा, म्हणजे दिव्याभोवतीच्या चकचकीत वाटीचा, टॉर्च तिथपर्यंत पोचेल.

कँडेलावरून अंतर काढायची रीत सोपी आहे. चांगल्या कंपन्या एफएल-१ नावाच्या अमेरिकी प्रमाणानुसार आकडे छापतात. २००९ साली ते आलं आणि नंतर सुधारत गेलं. त्यात झोताचं अंतर म्हणजे जिथं प्रकाश पाव लक्स उरतो ते अंतर. पाव लक्स म्हणजे निरभ्र रात्रीच्या पूर्ण चंद्राचा उजेड. कँडेलाचं वर्गमूळ काढा, त्याची दुप्पट करा, तेवढे मीटर. ४०,००० कँडेला असतील तर ४०० मीटर, ९०,००० असतील तर ६००, अडीच लाख असतील तर १,०००. आता हाच हिशोब उलटा लावून बघा. पाच किलोमीटरसाठी साडेबासष्ट लाख कँडेला लागतात. तेवढा आकडा दुकानदाराला लेखी दाखवता येतो का विचारा. दाखवता आला नाही तर पुढे बोलायची गरज नाही.

हाच हिशोब आणखी एक गोष्ट शिकवतो. अंतर दुप्पट करायचं तर कँडेला चौपट लागतात. म्हणून हजारवरून दोन हजार मीटरवर जाताना टॉर्चचं डोकं, वजन, किंमत सगळंच फुगतं, आणि हातात पडणारा फायदा आपल्या दऱ्यांमध्ये फारसा वापरात येत नाही.

पण चांदण्यात काय दिसतं? पायवाट दिसते, झाडाचा आकार दिसतो. काळ्या कातळावर निळा रेनकोट घातलेला माणूस दिसत नाही. त्यातून प्रकाश नुसता जाऊन भागत नाही, परतही यावा लागतो. सह्याद्रीचा बेसाल्ट मुळात काळा, पावसात भिजला की आणखी काळा. तो फार थोडा उजेड परत देतो. म्हणून माझा ठोकताळा असा: छापलेल्या अंतराचे तीन भाग करा आणि एकाच भागावर विश्वास ठेवा. ओल्या कातळावर माणूस शोधायचा असेल तर त्याहूनही थोडं कमी धरा. खोक्यावर ९०० मीटर लिहिलं असेल तर ३०० मीटरवर साधारण सव्वादोन लक्स पडतील, आणि तेवढ्यात दुर्बिणीतून कपडा, सॅक, हात ओळखता येतो. तेव्हा तुमच्यासाठी छापील अंतर ८०० ते १,००० मीटर, म्हणजे एक लाख साठ हजार ते अडीच लाख कँडेला. यापेक्षा कमी घेतलं तर समोरची सोंड हातची जाईल. यापेक्षा जास्त घ्यायच्या नादात पैसे हेडटॉर्चमधून काढू नका.

आता दोन टॉर्च का, ते सांगतो. झोत धरणारा आणि बघणारा ही दोन वेगळी माणसं असावीत. स्वतःच्या हातातल्या झोताच्या रेषेतून बघितलं की हवेतलं बाष्प, पावसाचे थेंब, चिलटं सगळं डोळ्यांसमोर चमकतं आणि पलीकडचं पुसलं जातं. बघणाऱ्याने पाच-सात पावलं बाजूला सरकून दुर्बीण लावावी. फरक लगेच जाणवतो. दुसरं, समोरून पडणाऱ्या प्रकाशात कडा सपाट दिसतो. सावल्या मागे लपतात, त्यामुळे खोबण कुठे, टप्पा कुठे, माणूस बसला आहे की दगडाचा फुगवटा आहे, हे कळत नाही. तोच झोत तिरका, बाजूने पडला की प्रत्येक कंगोऱ्याला सावली येते आणि कड्याचा आकार उठून दिसतो. दोन टॉर्च दोन जागी असले की एकाच्या सावलीतला भाग दुसरा उजळतो. एकाचा सेल संपला तरी शोध थांबत नाही. एक रोपवर उतरणाऱ्याच्या मदतीला लागला तर दुसरा शोधात राहतो. हे सगळं एका अजस्र सर्चलाइटने होत नाही.

एक गोष्ट तुमच्या तालुक्यापुरती. तुमच्याकडे बिबट्या आहे, आणि झोतात जनावराचे डोळे लांबून चमकतात. रानमांजर, उदमांजर, गाय, कुत्रा, सगळ्यांचेच. अगदी गवतातल्या कोळ्यांचे डोळेसुद्धा हिरवट ठिणग्यांसारखे दिसतात. नवीन पोरगा 'दिसला, दिसला' म्हणून ओरडतो आणि टीम चुकीच्या घळीत उतरते. माणसाचे डोळे असे चमकत नाहीत. माणूस शोधताना बुटावरची चंदेरी पट्टी, चष्म्याची काच, पाण्याची बाटली, सॅकचं बक्कल अशा वस्तूंची चमक शोधा. ती जागची हलत नाही आणि जोडीने उघडझाप करत नाही.

लेझरवाल्या टॉर्चचं म्हणाल तर त्याला बाजारात एलईपी म्हणतात. निळा लेझर फॉस्फरच्या, म्हणजे प्रकाश पडला की चमकणाऱ्या पदार्थाच्या, तुकड्यावर मारून त्यातून पांढरा प्रकाश काढतात आणि भिंगाने तो अगदी बारीक करतात. छोट्याशा हत्यारातून किलोमीटरच्या पुढे झोत जातो, ते खरं आहे. मित्र फसवत नाहीये. पण तो झोत पेन्सिलीसारखा असतो. दोन अंशांचा झोत ३०० मीटरवर जेमतेम दहा मीटर रुंदीचा गोल उजळतो आणि त्याच्या बाहेर काळोख. साध्या एलईडी टॉर्चचा पाच अंशांचा मुख्य झोत तेवढ्याच अंतरावर सव्वीस मीटरचा गोल देतो, शिवाय भोवती फिका उजेड असतो, त्यामुळे आपण कड्याच्या कुठल्या भागात आहोत याचं भान राहतं. एलईपीने अख्खा कडा पिंजून काढायला रात्र पुरत नाही आणि कुठला पट्टा बघून झाला हेही लक्षात राहत नाही. जखमीची जागा सापडल्यावर लांबूनच 'तो बघ, त्या उंबराच्या डावीकडे' असं बोट दाखवायला एलईपी उत्तम. पुढे कधी आणखी पैसे आले तर घ्या. पहिल्या खरेदीत नको.

दणकटपणाबद्दल दुकानात 'मिलिटरी ग्रेड' हा शब्द फार ऐकाल. त्याला काही मोजमाप नाही, सोडून द्या. एफएल-१ मध्ये पडण्याची चाचणी किमान एक मीटरवरून काँक्रीटवर असते. चांगल्या टॉर्चवर दीड किंवा दोन मीटर लिहिलेलं असतं. हातातून निसटून कातळावर पडला तरी चालू राहील एवढाच त्याचा अर्थ. कड्यावरून गेला तर तो गेला, आणि खाली कुणी असेल तर त्याच्या डोक्यावर गेला. म्हणून दोरी बांधायची, पण गळ्यात किंवा मनगटात नाही, सॅकच्या खांद्याच्या पट्ट्याला आखूड बांधायची. रॅपलिंग करताना, म्हणजे रोपवरून खाली उतरताना, लोंबणारी दोरी डिसेंडरमध्ये (रोप अडवत उतरवणाऱ्या साधनात) ओढली गेली तर माणूस अधांतरी अडकतो. केस, ओढणी, टॉर्चची दोरी, तिघांनाही हाच नियम.

पाण्यासाठी आयपीएक्स-८ घ्या. आयपीएक्स म्हणजे टॉर्च पाणी किती अडवतो त्याची पायरी. आयपीएक्स-४ म्हणजे नुसते शिंतोडे. आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, आणि ८ म्हणजे कंपनी सांगेल तेवढं त्याहून कडक. आपल्याकडे पावसाळ्यात टॉर्च शिंतोड्यात राहत नाही. तो ओढ्यात पडतो, सॅकच्या तळाच्या पाण्यात रात्रभर बुडून असतो. आणि हा आकडा झाकण नीट बंद असेल तरच खरा. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी बूच अर्धवट दाबलेलं, मागच्या झाकणाच्या आट्यात चिखल, रबरी रिंग सुकून भेगाळलेली, अशा टॉर्चमध्ये पहिल्याच पावसात बाष्प धरतं आणि काचेच्या आतून धुकं दिसायला लागतं. दर पावसाळ्याआधी आटे कोरड्या फडक्याने पुसा, रिंगला सिलिकॉन ग्रीसचा हलका हात फिरवा. खोबरेल किंवा गाडीचं ग्रीस लावू नका, रबर फुगतं.

बटणाकडे दुकानातच नीट बघा. ओल्या, गारठलेल्या, हातमोजे घातलेल्या बोटांनी ते अंधारात सापडलं पाहिजे. एका दाबात चालू, एका दाबात बंद. दरवेळी लुकलुकणारा झोत मध्ये येत असेल तर तो टॉर्च ठेवून द्या. रोपवरच्या माणसाच्या तोंडावर लुकलुकता प्रकाश पडला तर त्याला पाय कुठे ठेवायचा ते कळत नाही. आणि बटण बंद करायची सोय, म्हणजे लॉक, असलाच पाहिजे. सॅकमध्ये चुकून चालू झालेला मोठा टॉर्च कपडे जाळू शकतो, आणि नाही जाळले तरी पोचेपर्यंत सेल रिकामा होतो. बऱ्याच टॉर्चमध्ये मागचं झाकण पाव आटा सैल केलं की वीज तुटते. निघताना तसं करून ठेवायची सवय सगळ्यांना लावा.

सेलचा भाग कंटाळा न करता वाचा, कारण फसवणूक सगळ्यात जास्त इथे होते आणि धोकाही इथेच आहे. मी २१७०० आकाराच्या, बाहेर काढता येणाऱ्या सेलचा टॉर्च घ्यायला सांगेन. २१ मिलिमीटर जाड, ७० मिलिमीटर लांब. त्याआधीचा १८६५० हा थोडा छोटा. आत कायमची बसवलेली बॅटरी नको, कारण रात्री तीन वाजता ती संपली की टॉर्च चार्जिंगला लावून बसावं लागतं. सेल बदलायला अर्धं मिनिट लागतं. शक्य असेल तर हेडटॉर्चही त्याच आकाराच्या सेलवर चालणारे बघा, म्हणजे एकमेकांना सेल देता येतात. तेवढे जमले नाहीत तर निदान सगळे हेडटॉर्च एका जातीचे असू द्या.

१८६५० वर ९,९०० एमएएच (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) छापलेलं दिसलं तर तो सेल खोटा आहे. त्या आकारात साडेतीन हजारांच्या आसपास मजल जाते, २१७०० मध्ये पाच ते सहा हजार. खरा १८६५० पंचेचाळीस ग्रॅमच्या खाली सहसा नसतो आणि २१७०० सत्तरच्या आसपास भरतो. सोनाराच्या काट्यावर ठेवून बघा. तीस ग्रॅमचा सेल आतून निम्मा पोकळ असतो.

टॉर्चच्या दाव्याची परीक्षाही सेलवरून होते. ५,००० एमएएचच्या एका सेलमध्ये साधारण १८ वॅट-तास वीज असते. एलईडी टॉर्च ढोबळमानाने एका वॅटला शंभर लुमेन देतो असं धरा. म्हणजे १,००० लुमेनला दहा वॅट, आणि एक सेल पावणेदोन तासांच्या आसपास. एका सेलवर हजार लुमेन रात्रभर म्हणणारा खोटं बोलतो, किंवा अर्धसत्य सांगतो. अर्धसत्य असं की एफएल-१ प्रमाणात उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा सगळा वेळ मोजायची मुभा आहे. सर्वांत प्रखर पायरीवर टॉर्च दोन-तीन मिनिटांत तापतो आणि आतला सेन्सर उजेड निम्म्यावर, कधी तिसऱ्या हिश्श्यावर आणतो. पुढचा सगळा वेळ त्या कमी उजेडाचा असतो, आणि खोक्यावर मात्र पहिला आकडा मोठा आणि तासही मोठे दिसतात. म्हणून कंपनीने छापलेला आलेख बघा, वेळेप्रमाणे उजेड कसा उतरतो त्याचा. तासभर सपाट चालणारी मधली पायरी किती कँडेलाची आहे, तोच तुमच्या कामाचा आकडा. फिनिक्स, नाइटकोर यांसारख्या नावांच्या टॉर्चसोबत असे आकडे आणि आलेख मिळतात आणि त्यांचा माल आपल्याकडे बिलासह मिळतो. नाव कुठलंही घ्या, पण पक्कं बिल आणि भारतात दुरुस्ती करून देणारा माणूस असल्याशिवाय पतसंस्थेचा पैसा खर्च करू नका.

सुटे सेल सॅकमध्ये मोकळे टाकायचे नाहीत. कॅराबिनर (रोप अडकवायची कडी), किल्ल्या, नाणी यांना दोन्ही टोकं लागली की सेल पेटू शकतो. दहा-वीस रुपयांच्या प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा. भरलेल्या सेलची डबी उजव्या खिशात, वापरलेल्याची डावीकडे, असा काहीतरी नियम सगळ्या टीमसाठी एकच असू द्या. आंबेनळी घाटात २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली, तेव्हा तिथलं काम दुसऱ्या दिवसापर्यंत चाललं होतं. अशा कामात दुसऱ्या पाळीला भरलेले सेल लागतात. प्रत्येक टॉर्चमागे दोन जादा सेल, आणि गाडीत चार्जर.

धुक्याबद्दल खरं सांगायचं तर कुठलाच टॉर्च धुकं फोडत नाही. जुलैमध्ये नाणेघाटात ढग जमिनीवर बसला की झोत पांढरी भिंत होऊन परत येतो, आणि टॉर्च जितका जोरदार तितकी ती भिंत दाट. अशा वेळी उजेड कमी करा, हेडटॉर्च डोक्यावरून काढून कमरेजवळ धरा. डोळ्यांच्या रेषेतून प्रकाश खाली गेला की पायापुढचं दहा-पंधरा फूट दिसायला लागतं. किंचित पिवळसर उजेड, म्हणजे ४,००० ते ५,००० केल्विनचा, धुक्यात डोळ्यांना निळसर उजेडापेक्षा कमी त्रास देतो, म्हणून निवडायला मिळालं तर तो घ्या. आणि लांबच्या शोधाचं काम थांबवून शिट्टी आणि हाका यांच्यावर या.

हेच मी एरवीही करायला सांगतो, धुकं नसलं तरी. दर दहा-पंधरा मिनिटांनी सगळ्यांनी एकदम दिवे बंद करायचे, बोलणं बंद करायचं, एकाने हाक मारायची आणि पूर्ण दोन मिनिटं काळोखात बघत राहायचं. अडकलेल्या माणसाकडे बहुतेक वेळा मोबाइल असतो. त्याच्या स्क्रीनचा उजेड आपल्या झोतात बुडून जातो, काळोखात मात्र तो लांबूनही दिसतो. त्याला आपला झोत दिसल्यावर धीर येतो, तो काहीतरी हलवतो, ओरडतो. तुम्ही तेवढ्यात आपापसात बोलत असाल तर ते निसटतं. डोंगरातल्या संकटाची जुनी खूणही टीमला पाठ असू द्या: मिनिटाला सहा वेळा प्रकाश किंवा शिट्टी, मग मिनिटभर थांबणं. त्याला उत्तर मिनिटाला तीन. फिरायला येणाऱ्यांना हे सहसा ठाऊक नसतं, पण गिर्यारोहक अडकलेला असेल तर त्याला ठाऊक असतं, आणि तुम्ही तीनचं उत्तर दिलंत की त्याला कळतं की आपल्याला बघितलं.

हेडटॉर्चमध्ये लांब झोत शोधू नका. तीनशे-चारशे लुमेन पुष्कळ झाले, वापर बहुतेक वेळ शंभरच्या आसपासच होतो. रुंद, एकसारखा उजेड हवा, लाल दिवा हवा, आणि रंग खरे दिसले पाहिजेत. रंग किती खरे दिसतात त्याचं शंभरपैकी माप म्हणजे सीआरआय; खोक्यावर तो ९० किंवा वर असेल तर चांगलं. निळसर स्वस्त उजेडात रक्त चिखलासारखं दिसतं, ओठ पांढरे पडलेत की नाही ते कळत नाही, दोन रोपांपैकी कुठला आपला तेही गोंधळायला होतं. हेल्मेटवर पट्टा घसरू नये म्हणून चार बाजूंना क्लिपा असलेलं हेल्मेट बघा.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वर गाडीरस्ता नव्हता, यंत्रं नेता येत नव्हती, भर पावसात निसरड्या पायवाटेने माणसं चालत वर गेली आणि हातांनी माती उपसायला लागली. अशा रात्री हजार मीटरचा झोत कुणाच्या उपयोगाचा नसतो. तिथं हात मोकळे ठेवणारा, चार-सहा तास न विझणारा जवळचा उजेड लागतो. तुमच्या तालुक्यातही डोंगराच्या पोटाला वाड्या आहेत. म्हणून पैशांची वाटणी मी अशी करेन: आठ-नऊ हजारांचे दोन लांब झोताचे टॉर्च, अडीच-तीन हजारांचे सहा हेडटॉर्च, बाकीच्यात सेल, चार्जर, डब्या, ग्रीस आणि परावर्तक टेप. बाजारभावाप्रमाणे थोडं इकडेतिकडे होईल. टीम सहापेक्षा मोठी असली तरी कड्यावर एका वेळी सहाच जण जातील असं ठरवा, बाकीचे मागे रोप, स्ट्रेचर आणि गाडी सांभाळतील. पुढच्या वर्षी आणखी हेडटॉर्च घ्या.

घ्यायच्या आधी दुकानदाराला एका रात्रीसाठी टॉर्च मागा, अनामत ठेवावी लागली तरी ठेवा. पाऊस नसलेल्या, चंद्र नसलेल्या रात्री घाटघरच्या बाजूला जा. एकाने निळा किंवा काळा रेनकोट घालून, ज्या पायवाटेवर पडायची भीती नाही अशा जागी समोरच्या उतारावर जाऊन बसायचं. वॉकीटॉकी किंवा फोन चालू ठेवायचा. बाकीच्यांना त्याची जागा सांगायची नाही. दोनशे मीटर, मग तीनशे, मग चारशे. प्रत्येक वेळी किती मिनिटांत सापडला ते वहीत लिहा, आणि टॉर्च अर्धा तास सलग मधल्या पायरीवर चालवून पुन्हा तेच करा. जो टॉर्च गरम झाल्यावरही तीनशेवरचा माणूस दाखवतो तो घ्या, किंमत आणि खोकं काहीही सांगो.

त्या रात्री पतसंस्थेच्या अध्यक्षांनाही सोबत न्या. त्यांनी मोठा टॉर्च सुचवला तो तुमच्या काळजीपोटीच. दुकानदाराचा सर्चलाइट आणि तुम्ही निवडलेले दोन टॉर्च त्यांच्याच हातात द्या, समोरच्या उतारावरचा पोरगा त्यांनाच शोधू द्या. पैसे कसे वाटायचे ते मग त्यांच्यासमोर बसून ठरवा. आणि वहीतले आकडे मला कळवा. ओल्या कातळावरचे, आपल्या दऱ्यांमधले असे आकडे कुणी एकत्र लिहून ठेवलेले माझ्या पाहण्यात नाहीत. इतर तालुक्यांतल्या टीमनाही ते लागतील.